वाचकांचे प्रश्न : कॅड उघडण्याआधीचे काम

स्वतःचे उत्पादन बाजारात आणू पाहणाऱ्या लघुउद्योजकांनी अगदी सुरुवातीच्या टप्प्यात कामाच्या कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, याविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण इतर पुष्कळ पत्रांतल्या शंकांचे मूळ त्याच पत्रात सापडते.

प्रश्न : आमचे कुपवाड एमआयडीसीत वर्कशॉप आहे. आजवर मोठ्या कारखान्यांचे जॉबवर्क केले. आता बेदाण्याचे देठ काढून प्रतवारी करणारे, शेतकऱ्याला परवडेल असे लहान यंत्र स्वतःच्या नावाने काढायचे ठरवले आहे. मुलाने कॅडवर, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याच्या प्रणालीत, संपूर्ण ड्रॉइंग तयार केले असून पत्रा कापायला टाकायचे तेवढे बाकी आहे. माझे मेहुणे द्राक्षबागायतदार आहेत. ते म्हणतात, आधी नीट विचार करा. विचार करायचा म्हणजे नेमके काय करायचे? — वर्कशॉपचालक, कुपवाड

उत्तर : पत्रा कापायला टाकू नका, निदान या महिन्यात तरी नको. मेहुण्यांचा सल्ला योग्य आहे आणि त्यावरचा आपला प्रश्नही तितकाच योग्य आहे, कारण ‘विचार करा’ एवढे सांगून कोणाचेच काम पुढे सरकत नाही. जॉबवर्कमध्ये ड्रॉइंग दुसऱ्याने दिलेले असते आणि त्यात जे आहे ते असावे की नसावे, याची जबाबदारीही त्याचीच असते. आपले कसब ते अचूक उतरवण्याचे. स्वतःचे उत्पादन काढताना मात्र ड्रॉइंगमध्ये काय असावे हेच आधी ठरवावे लागते, आणि कॅडवरचे चित्र इतके नेटके दिसते की सगळे ठरून गेले आहे असा भास होतो. एकदा ते पडद्यावर गोल फिरवून पाहिले की घरातले सगळे हॉपरच्या, म्हणजे माल ओतायच्या नसराळ्याच्या, उतारावर हिरिरीने बोलू लागतात, आणि हे यंत्र विकत कोण घेणार हा विषय मागे पडतो.

म्हणून ड्रॉइंग बाजूला ठेवून एक पान लिहा, आणि त्या पानावर यंत्राचा उल्लेखही करू नका. देठ काढण्याचे आणि प्रतवारीचे काम आज कोण करते, कोठे व कोणत्या महिन्यांत करते, किती माणसे लागतात, किलोमागे खर्च किती येतो, त्यात नेमके काय बिघडते आणि बिघडले तर नुकसान कोणाच्या अंगावर पडते, एवढेच लिहा. मग प्रत्येक वाक्यापुढे समासात तीनपैकी एक खूण करा : ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘धरून चाललो’. प्रामाणिकपणे खुणा केल्या तर तिसरीच जास्त ठिकाणी दिसेल. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; ज्या वाक्यांपुढे ती खूण आहे, ती वाक्ये म्हणजेच आपल्या पुढच्या कामाची यादी आहे.

आपल्या पत्रातलेच ‘शेतकऱ्याला परवडेल असे लहान यंत्र’ हे शब्द घ्या. बेदाणा करणारा प्रत्येक बागायतदार द्राक्षे सुकवण्याच्या स्वतःच्या शेडवर काम करतो असे नाही. नागज–जुनोनी पट्ट्यात कित्येक जण शेड भाड्याने घेतात. अशा ठिकाणी यंत्र शेडमालकाचे असेल आणि शेतकरी त्याला किलोच्या हिशेबाने पैसे मोजत असेल, तर आपले गिऱ्हाईक शेतकरी नव्हेच. शिवाय निवडणी करणाऱ्या स्त्रिया वेगळ्या, त्यांना घेऊन येणारा मुकादम वेगळा आणि सौद्यात माल हातात घेऊन रंग, आकार व देठ पाहून भाव बोलणारा व्यापारी आणखी वेगळा. यंत्र हाताळणारा, त्याचे पैसे देणारा, त्याच्यामुळे चार पैसे जास्त मिळवणारा आणि त्याच्यामुळे मजुरी गमावणारा, असे हे चार निरनिराळे लोक असू शकतात. शेडमालक गिऱ्हाईक ठरला तर ‘लहान आणि स्वस्त’ हा आपला मूळ विचारच बाद होतो, कारण त्याला तासाला जास्त माल काढणारे आणि हंगामात दिवसभर न थांबणारे यंत्र हवे असणार. म्हणजे यंत्रेच दोन झाली. त्यांतले कोणते करायचे, हा निर्णय ड्रॉइंगमधल्या सगळ्या निर्णयांच्या आधीचा आहे.

हे बसल्या जागी कळत नाही, त्यामुळे शेडवर जावेच लागते. जाण्याची पद्धतही सांगतो. पहाटे काम सुरू होते तेव्हा पोहोचावे आणि माल भरून झाल्यावरच निघावे. अर्ध्या तासाच्या भेटीत फक्त मालकाशी गप्पा होतात, काम दिसत नाही. आपल्या यंत्राची गोष्ट काढू नये, एका कडेला उभे राहून पाहावे आणि टिपून घ्यावे : रॅकवरून उतरवलेला माल कोठे ओततात, वाकून उचलावा लागतो का, देठ आणि काडीकचरा कोठे जातो, धूळ कोणाच्या तोंडावर येते, थ्री-फेज वीज कोणत्या वेळेला असते आणि ती गेली की लोक काय करतात. लोकांनी स्वतः शोधलेल्या युक्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. चाळणीला बांधलेली गोणपाटाची पट्टी किंवा मोटरखाली सरकवलेली वीट पाहून जे कळते, ते पुष्कळदा मालकाला विचारून कळत नाही, कारण त्याला ती युक्ती सांगण्यासारखी वाटत नाही.

आपल्या विषयात हंगामाची अडचण मोठी आहे. बेदाण्याचे काम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चालते आणि ते पाहायचे राहून गेले की वर्ष जाते. म्हणून पाहण्याच्या गोष्टींची यादी ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास तयार असावी, हंगामात निरनिराळ्या शेडवर हजेरी लावावी आणि एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत पुढे जायचे की नाही हे ठरवावे. यातच पैशाचाही एक प्रश्न दडलेला आहे. यंत्राची गरज मार्चमध्ये भासते, पण पुष्कळ माल शीतगृहात जाऊन सणासुदीच्या मागणीपर्यंत थांबतो. म्हणजे गरज असते तेव्हा खिशात पैसा नसतो आणि पैसा येतो तेव्हा गरज आठवत नाही. मग यंत्र विकायचे, भाड्याने द्यायचे की किलोमागे सेवा द्यायची? हा प्रश्न विक्रीखात्याचा म्हणून पुढे ढकलला जातो, पण यंत्र ट्रॉलीवर बसवून शेडोशेडी न्यायचे असेल तर त्याची सांगाड्यापासूनची रचनाच बदलते. माझ्या मते आपल्या प्रकल्पात सर्वांत आधी सोडवायचा प्रश्न हाच आहे, आणि तो हॉपरपेक्षा अवघड आहे.

किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा तेथील अनुभव आपल्याला ठाऊक असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारला, पण त्याआधी बेळगावात असतानाच ते लोखंडी नांगराच्या मागे लागले होते. नांगर चांगला होता आणि तरीही सुरुवातीला तो खपेना, कारण लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. फाळाची धार कितीही सुधारली असती तरी या अडचणीवर तो उपाय नव्हता. आपल्या यंत्राबाबत अशी समजूत कोणती असू शकेल? ‘यंत्रातून काढलेला बेदाणा फुटतो’ अशी ती असेल, किंवा ‘व्यापारी यंत्राच्या मालाला भाव पाडून मागतो’ अशी असेल. खरी असो वा खोटी, ती आपल्याला आधी माहीत असली पाहिजे.

यानंतर पत्रा कापायचाच असेल तर संपूर्ण यंत्रासाठी कापू नका. जी एक गोष्ट फसली तर सगळेच फसेल, तिचीच चाचणी आधी घ्या. वाळलेल्या बेदाण्यात साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो आणि वर साखर; हवेत थोडा दमटपणा आला की तो जाळीला चिकटू लागतो. देठ निघेल इतका जोर आणि साल फाटणार नाही इतका हळुवारपणा एकाच वेळी साधतो का, हे पाहायला मोटर, रंग, चाके यांपैकी काहीच लागत नाही. प्लायवूडची चौकट, दोन-तीन प्रकारच्या जाळ्या, हाताने फिरवायचा दांडा आणि बाजारातून आणलेला थोडा माल एवढ्यावर भागते. चाचणीच्या आधी मात्र एक ओळ लिहून ठेवा : किलोमागे किती दाणे फुटले तर ही रचना सोडून द्यायची. हा आकडा चाचणीनंतर ठरवला तर तो नेहमी आपल्या बाजूनेच लागतो. मुलाने केलेले ड्रॉइंग वाया गेले असे समजू नका, पण त्याला पहिला मसुदा म्हणा आणि कॅडमधल्या फाइलच्या नावातही तसे लिहा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकते. हळद शिजवण्याच्या कुकरमध्ये सुधारणा हा आमच्या गटाचा प्रकल्प आहे. आम्ही ऑनलाइन फॉर्म पाठवला. उत्तर देणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांनी ‘असा कुकर घ्यायला आवडेल’ असे लिहिले. एवढा पुरावा पुरेसा आहे का? — विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाही. आपल्याकडे शिकणाऱ्या मुलीने आपुलकीने विचारले तर नाही म्हणायला माणसे संकोचतात, आणि ‘आवडेल’ म्हणायला पैसे पडत नाहीत. भविष्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला इच्छेचे उत्तर मिळते. तुम्हाला घडलेल्या गोष्टी हव्या आहेत. म्हणून प्रश्न मागच्या हंगामाविषयी विचारा. गेल्या वर्षी हळद कोणाच्या कुकरवर शिजवली, नंबर लागायला किती दिवस थांबावे लागले, जळण काय वापरले, किती पैसे दिले, एखादा घाणा कच्चा राहिला किंवा जास्त शिजला का, आणि तसे झाले तेव्हा काय केले? ज्याने त्रास कमी करण्यासाठी आधीच वेळ किंवा पैसा खर्च केला आहे, त्याचा त्रास खरा समजावा. ज्याने तक्रार केली पण आजवर काहीच केले नाही, त्याची तक्रार वहीत लिहावी, पण तिच्या आधारावर कुकर बांधू नये.

आणखी एक सुचवतो. कुकर कधी बंद करायचा हे कोण ठरवते, याचा शोध घ्या. जाणकार माणूस वाफेचा वास घेतो, हळकुंड दाबून पाहतो, त्यात काडी टोचून ती सहज जाते का हे बघतो. गड्डा आणि हळकुंड एकाच वेळी शिजत नाहीत, हेही त्याला माहीत असते. तुमच्या सुधारणेमुळे त्या माणसाचे काम सोपे होणार आहे, की त्याच्याशिवाय काम चालणार आहे? दोन्ही उद्देश चांगले आहेत, पण पहिल्यात तो तुमचा वाटाड्या होतो आणि दुसऱ्यात विरोधक. एका वेळी एकाच घरी जाऊन तास-दीड तास बोलावे. दोघांपेक्षा जास्त जणांनी जाऊ नये. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकलेले शब्द जसेच्या तसे टिपावेत आणि त्याच संध्याकाळी ते सर्वांनी मिळून वाचावेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे शिजवण्याच्या पद्धतीत बदल सुचवताना व्यापारी रंग व वास यांविषयी काय म्हणतात, हेही विचारून ठेवा.

प्रश्न : आम्ही तिघे भागीदार शेतीपंपासाठी मोबाइलवरून चालणारा स्टार्टर तयार करत आहोत. डिझायनर पुण्याहून काम करतो. दर आठवड्याला बैठक होते, पण मागच्या बैठकीत ठरलेले पुढच्या बैठकीत बदलते, आणि शेवटी आमच्यातले वडीलधारे म्हणतील तसे होते. यावर उपाय काय? — भागीदार, सातारा

उत्तर : निर्णय बदलणे हा या टप्प्यात दोष नाही, पण कोणत्या कारणाने बदलला हे कोणालाच आठवत नसेल तर तो मोठा दोष आहे. एक साधी वही करा आणि तिच्यात प्रत्येक निर्णयाला चार ओळी द्या : काय ठरले, का ठरले, कोणता पर्याय नाकारला आणि कोणती नवी माहिती आली तर हा विषय पुन्हा काढायचा. नवी माहिती नसेल तर विषय काढायचा नाही, एवढा एकच नियम पाळा. व्हॉट्सअॅपच्या गटावर ठरलेले निर्णय त्या दिवशीच वहीत उतरवा, नाही तर पुण्याच्या डिझायनरला तुमचे शेवटचे मत कोणते हे कधीच कळणार नाही.

वडीलधाऱ्यांचा मान राखून करता येण्यासारखी एक गोष्ट म्हणजे बैठकीत बोलायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकाने दहा मिनिटे स्वतंत्रपणे कागदावर आपली सूचना लिहावी किंवा रेखाटावी, आणि सर्व कागद एकदम टेबलावर ठेवावेत. सर्वांत मोठ्या माणसाने शेवटी बोलावे. डिझायनरलाही सांगा की त्याने प्रत्येक वेळी एकच सुबक चित्र न आणता तीन ओबडधोबड आणावीत. एकच चित्र समोर आले की चर्चा ‘आवडले की नाही’ यावर येते, तीन आली की ‘कोणते कशासाठी’ यावर येते. अंतिम निर्णय मात्र एकाच भागीदाराकडे द्या आणि तो कोण, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तुमच्या उत्पादनाबद्दल थोडेसे. असे स्टार्टर बाजारात आधीपासून मिळतात. त्यांतले दोन-तीन विकत घ्या, खोला, आणि ते वापरून सोडून दिलेल्या शेतकऱ्यांना शोधा. वापरणाऱ्यांपेक्षा सोडणाऱ्यांकडून जास्त शिकायला मिळेल. रेंज नसणे, उंदरांनी वायर कुरतडणे, सिमचे रिचार्ज संपणे ही कारणे ऐकायला क्षुल्लक वाटतात. कऱ्हाड-पाटणकडे रात्रीच्या पाळीला उसात पाणी पाजायला जाताना बिबट्याची धास्ती असते, आणि मोटर घरातून चालू-बंद व्हावी ही इच्छा तिथल्या माणसाला का वाटते हे त्याच्याबरोबर एकदा रात्री विहिरीपर्यंत गेल्याशिवाय कळणार नाही. ती कळली की ‘पहिल्या आवृत्तीत काय घालायचे नाही’ ही यादी आपोआप लांब होईल. ती यादी घालायच्या गोष्टींच्या यादीइतकीच जपून ठेवा.

प्रश्न : आमचा महिला बचत गट सेंद्रिय गुळाची पावडर विकतो. पावसाळ्यात पावडरचे गोळे होतात अशी तक्रार येते, म्हणून आकर्षक पाकीट करून घ्यावे असे वाटते. आपण डिझाइनविषयी लिहिता, ते आमच्यासारख्या लहान गटाला लागू पडते का? — बचत गटाच्या सदस्य, कऱ्हाड तालुका

उत्तर : ताई, पुरेपूर लागू पडते, आणि तुमच्या पत्रात एक घाई दिसते ती मोठ्या कंपन्यांतही दिसते : तक्रार गोळ्यांची आहे आणि उपाय आकर्षक पाकिटाचा. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, त्यामुळे तो हवेतला ओलावा ओढून घेतो. हा ओलावा पावडरमध्ये नेमका कोठे शिरतो ते आधी शोधा. पाकीट भरण्याआधीच पावडर दमट असते का? बंद पाकिटातून ओल आत येते का? की गिऱ्हाइकाने फोडल्यावर स्वयंपाकघरात ती शिरते? याची परीक्षा घरच्या डिजिटल वजनकाट्यावर होऊ शकते. पावसाळ्यात एकाच दिवशी भरलेली काही पाकिटे बंद ठेवा, काही फोडून रोज थोडा वेळ उघडी करा पण त्यातले काही काढू नका, आणि ठरावीक दिवसांनी सगळ्यांचे वजन लिहा. वजन वाढले म्हणजे ओल शिरली. बंद पाकिटे वाढली तर पाकिटाचा कागद बदला. फक्त उघडलेली वाढली तर पुन्हा घट्ट बंद होणारी पट्टी किंवा लहान वजनाची पाकिटे हा उपाय. आणि वजन कोणाचेच वाढले नाही पण गोळे झाले, तर दोष वाळवण्यात आहे आणि पाकिटावर एक रुपयाही खर्च करू नका. चित्र आणि रंग यांचा विचार त्यानंतर.

प्रश्न : तुम्ही म्हणता त्याप्रमाणे लोकांना दाखवत फिरलो तर कल्पना चोरीला जाणार नाही का? — वाचक, मिरज

उत्तर : सुरुवातीचे बहुतेक काम दाखवण्याचे नसून पाहण्याचे आणि विचारण्याचे असते, आणि त्यात आपली कल्पना उघड होत नाही. पुढे नमुना दाखवण्याची वेळ येते तेव्हा मात्र सावध राहावे, कारण पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो आणि तो आधीच जाहीर झाला तर हक्क धोक्यात येतो. यासाठी प्राथमिक स्वरूपाचा अर्ज करता येतो. त्यानंतर संपूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात, आणि पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांसाठी हा काळ उपयोगी पडतो. वस्तूच्या केवळ बाह्य रूपाचे संरक्षण हवे असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते. ती दहा वर्षांची असते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. त्यासाठीही रूप आधी प्रसिद्ध झालेले नसावे, म्हणून नमुन्याचा फोटो उत्साहाने समाजमाध्यमावर टाकू नये. अर्ज होईपर्यंत ज्यांना दाखवणे अगदी आवश्यक आहे, त्यांच्याशी गुप्ततेचा लेखी करार करावा. करारावर सही मागायला संकोच वाटेल अशा ओळखीच्या माणसाला यंत्र दाखवण्याऐवजी फक्त त्याचे काम पाहावे.